सोमवारचं मौन

"मॅडम, बाकी सगळं नंतर. पहिले टाइम सांगा. पेशंट शेवटची नॉर्मल कधी होती?"

डॉ. मोटवानींनी हे विचारलं तेव्हा दुपारचे साडेबारा वाजून गेले होते. जागा उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलची कॅज्युअल्टी. स्ट्रेचरवर इंदूमावशी, वय अठ्ठ्याऐंशी. उजवा हात लुळा, तोंड डावीकडे ओढलेलं, डोळे टक्क उघडे. तिच्या पायाशी तिची सून वृंदा, मावशीच्या चपलांची पिशवी छातीशी धरून. आणि मी. हा प्रश्न मी स्वतः डॉक्टर म्हणून पेशंटच्या नातेवाइकांना बत्तीस वर्षं विचारत आले आहे, आणि आज तो मलाच विचारला जात होता.

"शेवटचं बोलल्या कधी, ते तरी सांगा," मोटवानी म्हणाले.

"काल रात्री नऊला," वृंदा म्हणाली. "दूध नको म्हणाल्या, तेवढंच."

"मतलब पंधरा तास." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सुधा मॅडम, तुम्हाला माहितीच आहे. पंधरा तासांनंतर इंजेक्शन नाही देता येत."

हे इंजेक्शन म्हणजे काय ते आधी सांगते. मेंदूकडे जाणाऱ्या नसेत रक्ताची गुठळी अडकली की पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि तो भाग मरायला लागतो. यालाच आपण पॅरालिसिसचा अटॅक म्हणतो, डॉक्टर स्ट्रोक म्हणतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं. ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. उशीर झाला तर फायदा कमी होतो आणि मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती वाढते. यातली खरी मेख अशी की हे साडेचार तास लक्षण दिसल्यापासून मोजत नाहीत. माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. रात्री नीट झोपलेला माणूस सकाळी लुळा सापडला, तर घड्याळ रात्रीपासून सुरू. मोठ्या सेंटरमध्ये खास एमआरआय करून कधी कधी यातून वाट काढता येते. ती सोय तिथे नव्हती आणि मावशीला घेऊन आणखी तासभर रस्त्यावर फिरायची माझी तयारी नव्हती.

मावशी मात्र सकाळी साडेपाचला उठली होती. स्वतः आंघोळ केली होती, पूजेची फुलं काढली होती. वृंदाने ते पाहिलं होतं, पण ते सातच्या आधीचं; तेव्हापासून मोजलं तरी मुदत साडेअकरालाच संपली होती. त्यानंतर घरात वावरताना तिच्याकडे कुणी नीट पाहिलं नव्हतं आणि बोलली ती कुणाशीच नव्हती. कारण त्या दिवशी श्रावणी सोमवार होता. श्रावणातल्या सोमवारी मावशी उठल्यापासून संध्याकाळी उपास सोडेपर्यंत मौन पाळते. हा तिच्या माहेरचा नेम. लग्नाला पासष्ट वर्षं होऊन गेली, नवरा गेला, गुडघे गेले, नेम तेवढा टिकला.

इंदूमावशी माझी सख्खी मावशी नव्हे. अंबरनाथला फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये आमची घरं एका भिंतीला लागून होती. तिचे यजमान आणि माझे वडील फॅक्टरीच्या एकाच शॉपमध्ये, म्हणजे खात्यात. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका आणि माझ्या आईची जिवाभावाची मैत्रीण. पुढे ते लोक बदलापूरला कात्रपमध्ये राहायला आले आणि काही वर्षांनी योगायोगाने माझा दवाखानाही तिथेच, दोन गल्ल्या सोडून, सुरू झाला. माझी आई जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून मी दर रविवारी सकाळी मावशीकडे जायचे. निमित्त बीपी तपासण्याचं. बीपी तपासायला दोन मिनिटं लागतात, मी दोन तास बसायचे.

खरं सांगायचं तर मी आईला ऐकायला जायचे. मला ठाऊक असलेली आई म्हणजे चाळिशीनंतरची, थकलेली, पदराला हात पुसत वैतागणारी. मावशीकडे होती ती सत्तावीस वर्षांची, नळावर भांडणारी, शेजारणींच्या नकला करणारी, एकदा पगाराच्या दिवशी दोघींनी मिळून गुपचूप कल्याणला जाऊन सिनेमा पाहिलेली. त्या आईला मी कधी भेटलेच नाही. मावशी तिचा आवाज काढायची, अगदी तसाच, शब्दाचं शेवटचं अक्षर लांबवून. तो ऐकला की मी चहाचा कप तोंडाला लावायचे. साठीला आलेल्या बाईने आईसाठी इतकं हळवं होऊ नये म्हणतात. म्हणोत बापडे.

आता माझ्या पहिल्या चुकीबद्दल. गेल्या वर्षी अशाच एका रविवारी मावशीची नाडी मला वेडीवाकडी लागली. मध्येच घाई, मध्येच खाडा. ईसीजी काढला. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत होते. म्हातारपणी हे बऱ्याच जणांना होतं. त्या कप्प्यांत रक्त साचून राहतं, साचलेल्या रक्ताची गुठळी होते आणि ती सुटून मेंदूत गेली की स्ट्रोक. त्यासाठी ब्लड थिनर, म्हणजे रक्त सहजी गोठू न देणारी गोळी देतात. मी ती सुरू केली. पाच महिन्यांनी मावशी बाथरूममध्ये घसरली. हाड वाचलं, पण मांडीवर पपईएवढं काळंनिळं झालं. तिचा मुलगा प्रकाश घाबरला.

"सुधा, या वयात रक्त पातळ करून काय मिळवायचंय? उद्या डोक्यावर पडली तर?"

मी पुस्तकं वाचलेली बाई. वय जितकं जास्त तितकी स्ट्रोकची भीती जास्त, म्हणून गोळीचा उपयोगही जास्त, हे मला पाठ होतं. नुसतं एकदा पडणं हे गोळी बंद करायचं कारण नव्हे. बाथरूममध्ये दांडा बसवायचा, रबराची मॅट टाकायची, रात्री दिवा ठेवायचा, किडनी आणि वजन बघून डोस तपासायचा, आणि गोळी चालू ठेवायची. हे सगळं मी परक्या पेशंटला ठणकावून सांगितलं असतं. पण ते काळंनिळं मी रोज बघत होते. मलाही भीती वाटली. "बघू, सध्या थांबवू," म्हणाले. ते सध्या सात महिने चाललं. दांडा मात्र बसवला.

दुसरी चूक त्याच सोमवारची. पावणेअकराला दवाखान्यात तापाच्या पेशंटची रांग लागली होती. वृंदाचा फोन आला.

"सुधाताई, आई आज खुणासुद्धा करत नाहीयेत हो. खिचडी करू की वरीचे तांदूळ विचारलं, तर नुसत्या बघत बसल्यात. चिडल्यात बहुतेक माझ्यावर."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि हसले. "अगं, सोमवार आहे आज. संध्याकाळी व्याजासकट बोलतील. खिचडी कर."

फोन ठेवला आणि पुढच्या पेशंटला जीभ बाहेर काढायला सांगितलं. हे वाक्य मी नंतर किती वेळा मनात घोळवलं याची मोजदाद नाही. वृंदाने ते आजतागायत काढलेलं नाही. तिने काढलं असतं तर बरं झालं असतं.

सव्वाअकराला पुन्हा फोन. या वेळी आवाज कापत होता. मावशीच्या हातातून पाण्याचं फुलपात्र सुटलं होतं आणि तिला ते कळलंच नव्हतं. मी रांगेतल्या लोकांना तसंच सोडून धावले.

खोलीत मावशी खिडकीजवळच्या खुर्चीत कलली होती. मी ग्लुकोमीटर काढलं, कारण उपाशीपोटी साखर उतरली तरी माणूस असंच दिसतं. साखर ठीक होती. बीपी एकशे नव्वदच्या घरात. वृंदा जिभेखाली बीपीची गोळी ठेवायला निघाली होती, तिचा हात धरला. अशा वेळी बीपी एकदम पाडलं तर मेंदूला उरलंसुरलं रक्तही पोचत नाही, आणि गोळी घशात अडकायची भीती वेगळीच.

"मावशी, दोन्ही हात वर कर." डावा गेला. उजवा मांडीवरच.

"मावशी, मौन मोड. माझ्यासाठी मोड. दोष मला लागू दे."

तिने माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. ओठ हलले, गळ्याची शीर ताणली, आणि आवाज आला नाही. पुन्हा प्रयत्न केला. मग तिच्या डोळ्यांत जी भीती आली ती मी कधीच विसरणार नाही. तिला मौन मोडायचं होतं आणि मोडता येत नव्हतं.

शेजारच्या ठाकूरबाई आणि वॉचमनने मिळून तिला खुर्चीसकट खाली आणली. अॅम्ब्युलन्सची वाट बघण्यापेक्षा माझी गाडी बरी म्हणून मागच्या सीटवर वृंदाच्या मांडीवर तिला कुशीवर निजवली. निघताना मोटवानींना फोन केला, सीटी स्कॅन मोकळा ठेवायला सांगितलं. रस्ता काही मोकळा नव्हता. श्रावणी सोमवारी अंबरनाथच्या शिवमंदिराकडे माणसांचा आणि रिक्षांचा पूर लोटतो. बेलाची पानं विकणाऱ्या बायांमधून, हॉर्नवर हात ठेवून, मी गाडी काढली. एका ट्रॅफिक पोलिसाने मागच्या सीटकडे पाहून गर्दी थोपवली नसती तर आम्ही तिथेच अडकलो असतो.

तर अशा रीतीने आम्ही कॅज्युअल्टीत पोचलो होतो आणि पहिल्याच प्रश्नावर अडलो होतो.

"सीटी तर करून घेऊ," मोटवानी म्हणाले. "रक्तस्राव आहे का बघू. ब्लड थिनर चालू आहे?"

"नाही," मी म्हणाले. "सात महिन्यांपूर्वी बंद केली."

"चला, एवढं तरी बरं. चालू असती तर इंजेक्शनचा प्रश्नच नव्हता."

त्यांनी सहज म्हटलं. माझ्या मनात आलं, चालू असती तर बहुधा आपण इथे नसतोच.

सीटीत रक्तस्राव नव्हता. डाई घालून काढलेल्या फोटोत मुख्य मोठ्या नसा वाहत होत्या, म्हणजे तार घालून गुठळी ओढून काढण्यासाठी ठाण्या-मुंबईला पाठवण्यात अर्थ नव्हता. डाव्या बाजूची एक मधली फांदी बंद होती. बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला बोलण्याची जागा असते. म्हणजे उपाय एकच, इंजेक्शन. आणि त्याला वेळेचा पुरावा हवा.

"वृंदा, सातनंतर काय काय केलं त्यांनी? आठव. एकेक गोष्ट."

"पूजा केली. मग... मी ओट्याशी होते हो ताई. प्रकाश वांगणीला घराचं काम बघायला गेले, त्यांचा डबा. मग मोलकरीण. मग मी कपडे..." ती रडायला लागली. "मी बघितलंच नाही त्यांच्याकडे. बोलत नाहीत म्हणून मलाही जरा बरंच वाटतं हो सोमवारी."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. हे इतकं खरं बोलणं मी कॅज्युअल्टीत फार कमी वेळा ऐकलं आहे.

"पूजेनंतर त्या कुठे बसतात?"

"खिडकीत. जप लिहायला."

मी कपाळावर हात मारला. जपाची वही! मावशी रोज पूजेनंतर दोनशे पानी वहीत रामनाम लिहायची. बोलायचं नाही असा नेम होता, लिहायचं नाही असा नव्हता. आणि ती शाळामास्तरीण. पानाच्या डोक्यावर डावीकडे तारीख आणि उजवीकडे सुरू केल्याची वेळ घातल्याशिवाय तिने कधी पहिली ओळ लिहिली नाही. मी चेष्टा करायचे, "मावशी, देव काय हजेरी घेतोय का?" तर म्हणायची, "देव नाही घेत. मी घेते, माझी."

घर बंद, किल्ली ठाकूरबाईंकडे. वृंदाने फोन लावला.

"काकू, खिडकीत आईंची वही आहे. शेवटच्या लिहिलेल्या पानाचा फोटो काढा आणि व्हॉट्सअॅपवर पाठवा. आत्ताच्या आत्ता."

पहिला फोटो आला तो वहीच्या कव्हरचा. दुसरा आला तो कालच्या पानाचा. वृंदा फोनवर ओरडली, "काकू, त्याच्या पुढचं! पान उलटा ना!" तिसरा हललेला. चौथा आला तेव्हा एक वाजून पाच मिनिटं झाली होती.

मी फोटो मोठा केला. डावीकडे तारीख त्याच दिवसाची. उजवीकडे ठसठशीत अक्षरात ९.४०. खाली ओळीमागून ओळ, तिचं ते फळ्यावरचं गोल अक्षर, काना-मात्रा जागच्या जागी. अठरा ओळी तशा. एकोणिसाव्या ओळीत "राम"मधला "म" रेघ सोडून खाली आला होता. विसाव्या ओळीत "जय" अर्धाच. त्यानंतर पेनाची एक लांब रेघ, पानाच्या कडेपर्यंत उतरत गेलेली. मावशीचा हात माझ्या डोळ्यांसमोर गेला होता, तीन तास उशिरा. मी फोन मोटवानींपुढे धरला.

मोटवानींनी फोन हातात घेऊन शांतपणे पाहिलं. "मौनात लिहीत होत्या? कमाल आहे. वो घड़ी सही है क्या, घरातली?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. घड्याळ बरोबर नव्हतं. मावशीचे यजमान, आमचे काका, फॅक्टरीत होते तेव्हापासून त्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे. काका जाऊन अकरा वर्षं झाली तरी कुणी मागे केलं नव्हतं.

"दहा मिनिटं पुढे आहे. म्हणजे साडेनऊ."

"ठीक. अक्षर बिघडलं ते दहाच्या आसपास असेल, पण मी ते धरणार नाही. वेळ स्वतः लिहिली, नीट लिहिली, हात चालत होता. साडेनऊला नॉर्मल. त्यात साडेचार मिळवा. दोन वाजेपर्यंत आपल्याकडे वेळ आहे." त्यांनी नर्सला इंजेक्शन काढायला सांगितलं आणि माझ्याकडे वळले. "आता कन्सेंट. मुलाला फोन लावा."

प्रकाश वांगणीहून निघाला होता, वाटेत होता. मी फोन स्पीकरवर ठेवला. मोटवानींनी त्याला सरळ सांगितलं. इंजेक्शनने हात-पाय आणि बोलणं परत यायची शक्यता वाढते, खात्री नाही. मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, या वयात ती भीती जास्त. तसं झालं तर जीवही जाऊ शकतो. नाही दिलं तर आत्ता आहे तसंच राहण्याची शक्यता मोठी.

प्रकाश म्हणाला, "सुधा, तू आहेस ना तिथे? तुझी आई असती तर काय केलं असतंस?"

हा प्रश्न नातेवाईक नेहमी विचारतात. मी नेहमी सांगते की मी तुमच्या जागी नाही. त्या दिवशी मला तसं म्हणता आलं नाही. मी स्ट्रेचरकडे पाहिलं. मावशी जागी होती, ऐकत होती. तिला सगळं कळत होतं हे मला दिसत होतं. आणि मला तेव्हा मनापासून काय वाटत होतं ते आज लपवत नाही. मला तिचा आवाज परत हवा होता. तिच्यासाठी हवा होता, आणि त्याहून जास्त माझ्यासाठी. तो गेला की माझी सत्तावीस वर्षांची आई दुसऱ्यांदा जाणार होती. डॉक्टरने असा सल्ला देऊ नये. म्हणून मी प्रकाशला उत्तर द्यायच्या आधी स्ट्रेचरजवळ गेले.

"मावशी, इंजेक्शन द्यायचंय. फायदा होईल, पण जिवावरही बेतू शकतं. देऊ? हो असेल तर माझा हात दाब."

तिने डाव्या हाताने माझी बोटं अशी आवळली की अंगठी रुतली.

"प्रकाश, मावशी हो म्हणतेय," मी म्हणाले.

"मग द्या," तो म्हणाला.

इंजेक्शन एक पंचवीसला सुरू झालं. थोडं एकदम, बाकीचं तासभर ड्रिपमधून. दर पंधरा मिनिटांनी नर्स बीपी बघत होती आणि मी उजवा हात. साडेतीनला करंगळी हलली. संध्याकाळी पाचला तिने कोपरातून हात उचलला. प्रकाश आला होता, तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. वृंदाने घरून तीर्थाची बाटली मागवली होती, आईंचा सोमवार सुटायला हवा म्हणून. चमचा ओठांपर्यंत गेला तोच नर्सने अडवला. स्ट्रोकनंतर गिळण्याची परीक्षा घेतल्याशिवाय पाण्याचा थेंबही देत नाहीत, तो श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो. वृंदाने मग ते तीर्थ बोटाने मावशीच्या डोळ्यांना लावलं.

दुसऱ्या दिवशीच्या सीटीत रक्तस्राव नव्हता. चौथ्या दिवशी ती आधाराने उभी राहिली. बाराव्या दिवशी पुन्हा स्कॅन बघून ब्लड थिनर सुरू केली. या वेळी मी कुणाला विचारलं नाही, सांगितलं. उपासाच्या दिवशीसुद्धा घ्यायची, पडली तरी मला विचारल्याशिवाय बंद करायची नाही, असं कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं. प्रकाशने मान डोलावली. दीड महिन्यात मावशी काठी घेऊन घरभर फिरायला लागली. उजव्या हाताने जेवते. या वयात हा निकाल फार चांगला. मोटवानी आपल्या ज्युनियरना ही केस सांगतात.

बोलणं आलं नाही. म्हणजे अगदीच आलं नाही असं नव्हे. "हो" येतं, "नाही" येतं. आणि रामनाम येतं, अख्खं, न अडखळता. आरती लावली की ती शेवटपर्यंत म्हणते. पण चहा हवा असेल तर "चहा" येत नाही. लोकांना हे ढोंग वाटतं. ते ढोंग नव्हे. घोकलेलं, गायलेलं मेंदू वेगळ्या वाटेने काढतो, आणि मनातलं सांगायला लागणारी वाट तिची बंद आहे. स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून दोनदा येते. मावशी तिच्यासमोर आज्ञाधारक मुलीसारखी बसते. थेरपिस्ट म्हणते सुधारणा होत राहील, हळूहळू. अठ्ठ्याऐंशीला हळूहळू म्हणजे किती, हे मी विचारलं नाही.

मी रविवारी जाते. आता मी बोलते आणि ती ऐकते. तिनेच सांगितलेल्या गोष्टी मी तिला परत सांगते, आठवतील तशा. गेल्या रविवारी आईच्या सायकलची सांगत होते. क्वार्टर्सच्या मैदानात आई एकतिसाव्या वर्षी सायकल शिकली, मागून मावशीने सीट धरली होती, आई निळ्या साडीत होती.

"नाही," मावशी म्हणाली.

"हिरवी?"

"नाही."

"पिवळी? जांभळी? ती ठिपक्यांची?"

"नाही. नाही." तिने डावा हात जोरजोराने हलवला. ओठ जुळवले, घसा ताणला. माझ्या डोळ्यांत बघत राहिली, जणू ते माझ्या तोंडून तरी बाहेर पडेल. साडीचा रंग चुकत होता, की साडीच नव्हती, की सीट धरणारी दुसरीच कुणी होती, मला कळेना. मी आणखी दहा-बारा प्रश्न विचारले. मग ती थकली आणि तिने खिडकीकडे तोंड वळवलं. मी तिचा हात धरून बसले. तिला सांगायचं होतं आणि मला ऐकायचं होतं, आणि आम्ही दोघी तिथेच होतो.

सहा वर्षं दर रविवारी दोन तास मला मिळाले होते. साडीचा रंग मी तेव्हा कधी विचारला नाही.

घरात ऐंशीच्या पुढचं माणूस असेल त्यांच्यासाठी माझं सांगणं एवढंच आहे. नाडी अनियमित लागली तर थिनरचं डॉक्टरला विचारा, आणि डॉक्टर घाबरून बंद करत असेल तर त्यालाही विचारा. आणि एरवी खुणा करणारं माणूस खुणाही करेनासं झालं, तर आधी दोन्ही हात वर करायला सांगा, वार कोणता आहे ते नंतर बघा. मी आधी कॅलेंडर बघितलं होतं.